बद्धमुक्त जीव आणि सेवेतील गुंता

प्रश्नाचे स्वरूप

ब्रह्मविद्याशास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले आहेत. देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव बद्धमुक्त, हा भेद आपल्या पाठशाळेतील नवा विद्यार्थीही न अडखळता सांगतो. आज बद्ध असणे आणि पुढे सुटण्यास योग्य असणे, ही दोन्ही लक्षणे ज्याच्या ठिकाणी एकत्र नांदतात तो जीव होय. शास्त्रचर्चेत हे लक्षण आपण कधी विसरत नाही. परंतु जेथे प्रत्यक्ष जीवाशी गाठ पडते, त्या घरात आणि त्या आश्रमात, आपण ते दररोज विसरतो. हा विसर क्रोधाच्या किंवा लोभाच्या रूपाने आला असता तर ओळखणे सोपे होते. तो येतो सेवेच्या रूपाने. म्हणून ज्याला होतो त्यास तो धर्म वाटतो आणि पाहणारे त्याची स्तुती करतात.

एखादा मनुष्य दुसऱ्याची इतकी काळजी वाहू लागतो की त्याची स्वतःची झोप, अन्न, सुखदुःख, एवढेच काय, स्मरणही त्या दुसऱ्याच्या स्थितीवर टांगून राहते. दुसरा बरा असेल तर हा बरा. तो बिघडला की हा कोसळला. तो दुसराही याच्या खांद्यावर इतका भार टाकून मोकळा होतो की स्वतःच्या कर्माचे ओझे त्यास जाणवतच नाही. दोघे एकमेकांस घट्ट धरून असतात आणि त्या धरण्यामुळेच दोघेही बुडत असतात. याला सेवा म्हणावे, ममता म्हणावे की बंधन म्हणावे? आणि बंधन असेल तर संबंध न तोडता ते सोडवता येते काय? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

एक घर

विदर्भातील एका गावी माझे पुष्कळ वर्षे जाणेयेणे होते. तेथील एक उपदेशी बाई प्रत्येक खेपेस दर्शनास येत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत. घर शेतकऱ्याचे, शेतात कापूस. यजमान एका शाळेत शिपाई. घराणे पिढ्यान्‌पिढ्या वासनिकांचे. आपल्या मार्गात मद्य वर्ज्य. यास्तव त्या घरात दारू शिरली तेव्हा दुःखाच्या आधी लाज शिरली, आणि लाजेने पहिले काम केले ते लपविण्याचे.

यजमान शुद्धीवर नसले की बाई शाळेत निरोप पाठवीत, ‘ताप भरला आहे.’ गुत्त्यावरची उधारी झाली की ती कापसाच्या पैशातून त्याच गुपचूप भागवीत. एकदा तर त्यासाठी गळ्यातील पोत गहाण पडली. रात्री ते वाटेत पडले तर बारा वर्षांचा मुलगा कंदील घेऊन बापास आणावयास जाई. मुलगी अंगणातील चपलांच्या आवाजावरून बाप पिऊन आला की न पिता, हे ओळखीत असे. आणि त्याप्रमाणे पुस्तक उघडे ठेवावयाचे की झोपेचे सोंग घ्यावयाचे हे ठरवीत असे. सायंकाळ झाली की त्या घरातील चार जीवांचे लक्ष एका दाराकडे लागलेले असे. बाई स्मरणास बसत; ओठांवर नाम असे आणि कान दाराशी असत. यजमानांच्या खिशात किती रुपये आहेत, ते कोणत्या वाटेने येतील, आज कोण भेटले असेल, याचा हिशेब मनात अखंड चाले. ज्याचे चिंतन अहोरात्र चालते तेच मनाचे उपास्य होय, असे मानले तर त्या घराचे उपास्य कोण होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

बाई एकदा मला म्हणाल्या, “मी नाही पाहिलं त यायले कोन पाहीन, बाबा?”

या प्रश्नात करुणा होती, भय होते, आणि थोडासा अभिमानही होता. मला त्या वेळी केवळ करुणा दिसली. मी त्यांना सांगितले, ‘सहन करा, सेवा करा, तुमच्या पुण्याईने ते एक दिवस सुटतील.’ बाईंनी दंडवत घातला आणि माझे सांगणे शिरोधार्य मानून पुढे कित्येक वर्षे तसेच केले. मी दर खेपेस त्यांच्या सहनशीलतेची चारचौघांत प्रशंसा करीत असे. त्या प्रशंसेनेही त्यांच्या पायांतील बेडी अधिक घट्ट केली, हे मला उशिरा उमगले.

उमगले ते शास्त्र वाचून नव्हे. त्यांची मुलगी मोठी झाली, तिचे लग्न झाले, आणि एकदा माहेरी आली असता ती आईबरोबर भेटीस आली. आई बाहेर गेली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “बाबा, तुम्ही आईला धर्म सांगितला. वडिलांना काय सांगितलं?”

मजजवळ उत्तर नव्हते. इतक्या वर्षांत त्या गृहस्थास मी एक शब्दही बोललो नव्हतो. तो दुर्बल आहे, त्याला सांगून काय उपयोग, असे मी मनाशी धरले होते. म्हणजे ज्यास शास्त्र बद्धमुक्त म्हणते त्यास मी नित्यबद्ध ठरवून टाकले होते. आणि त्यास सोडविण्याचे जे काम जीवाच्या शक्तीबाहेरचे, ते त्या बाईंच्या पदरात टाकले होते. माझ्या एका वाक्यात दोन सिद्धान्त मोडले होते. त्याचे प्रायश्चित्त मी माझ्या ठिकाणी घेतले. परंतु प्रायश्चित्ताने दोषाचे क्षालन होते. दुसऱ्याच्या आयुष्यातील गेलेली वर्षे परत येत नाहीत. म्हणून हा लेख लिहिणे मला आवश्यक वाटले.

ओळखण्याच्या खुणा

सेवा आणि गुंता यांची बाह्य क्रिया पुष्कळदा एकच असते. आजाऱ्याचे पाय सेवकही दाबतो आणि गुंतलेलाही दाबतो. यास्तव खुणा क्रियेत न शोधता अंतःकरणात शोधाव्या लागतात.

पहिली खूण अशी की, गुंतलेला मनुष्य दुसऱ्याच्या कर्माचे फळ स्वतः भोगू लागतो. ज्याने प्यावे त्याने उधारी फेडावी, हा साधा न्याय तो मोडतो. फळ भोगावयास न मिळाल्यामुळे करणाऱ्यास आपले कर्म कळतच नाही. विस्तवाने हात भाजू नये म्हणून जो प्रत्येक वेळी मध्ये आपला हात घालतो, तो विस्तवाची ओळखच होऊ देत नाही.

दुसरी खूण असत्याची. ‘ताप भरला आहे’ हे वाक्य प्रथम दुसऱ्यासाठी बोलले जाते, मग घराच्या अब्रूसाठी, आणि शेवटी स्वतःशीही. जे प्रेम टिकण्यासाठी रोज खोटे बोलावे लागते, त्या प्रेमाच्या मुळाशी भय आहे असे खुशाल समजावे.

तिसरी खूण ही की, त्यास ‘नाही’ म्हणता येत नाही. आणि म्हटलेच तर आपण पाप केले असे वाटून तो दुप्पट देतो. चौथी खूण, आपली भूक, आपला थकवा, आपली आवड त्याला सांगता येत नाही. ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले तर तो दुसऱ्यास काय हवे ते सांगू लागतो. पाचवी खूण सर्वांत सूक्ष्म आहे आणि ती मान्य करावयास जड जाते. दुसरा खरोखर सुधारू लागला की त्यास मनातून आनंदाऐवजी पोकळी जाणवते. आता माझी गरज काय, असा प्रश्न उभा राहतो. इतकी वर्षे जो त्याग म्हणून मिरविला त्यात आपली गरज लागावी हीच एक तहान होती, हे त्या पोकळीने उघड होते.

आधुनिक मानसशास्त्राचे अभ्यासक या स्थितीस सह-अवलंबन अशा अर्थाचे नाव देतात. हा विचार प्रथम मद्यपींच्या घरांतूनच आला. अमेरिकेत १९३५ साली मद्यपाशातून सुटू इच्छिणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही मंडळी स्थापन केली. पुढे १९५१ साली त्यांच्या पत्नींनी व कुटुंबीयांनी ‘अल-ॲनॉन’ या नावाने आपले वेगळे मंडळ काढले. कारण पिणारा एक असला तरी आजारी सारे घर असते, हा अनुभव त्यांना आला होता. १९८६ साली मेलडी बीटी या लेखिकेच्या पुस्तकाने ही कल्पना सामान्य वाचकांपर्यंत पोचली. ती स्वतः व्यसनातून बाहेर आलेली होती आणि मद्यपीची पत्नीही होती. त्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र स्थापिले. तेथेही रुग्णाबरोबर कुटुंबीयांस उपचारात सामील करून घेतले जाते. मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात मात्र सह-अवलंबनास स्वतंत्र रोग म्हणून स्थान नाही, हेही लक्षात ठेवावे. ही एक सवय आहे, शिकलेली रीत आहे. आणि शिकलेली रीत सोडता येते.

त्या कुटुंबीयांच्या मंडळांत नवागतास सांगितले जाते की, या व्यसनाचे कारण तुम्ही नाही, त्यावर तुमची सत्ता नाही, आणि ते बरे करणेही तुमच्या हाती नाही. हे ऐकून मला आश्चर्य वाटले. आपल्या शास्त्राची भाषा त्यांना ठाऊक नसताना, जीवाने जीवाविषयी जे जाणावे तेच त्यांनी दुःखातून शोधून काढले होते.

दोन प्रकारचा भ्रम

गुंत्याचे मूळ शास्त्रदृष्टीने पाहू गेल्यास त्यात दोन भ्रम एकत्र आढळतात.

पहिला भ्रम दुसऱ्याविषयीचा. ‘याच्याने काही होणार नाही’ असे ठरविणे म्हणजे त्याच्या ठिकाणची सुटण्याची योग्यता नाकारणे होय. वरकरणी ही दया दिसते. वस्तुतः हा त्या जीवाचा अपमान आहे. ज्यास आपण पदोपदी सांभाळतो त्यास आपण मनातून काही अंशी मृत समजलेले असतो.

दुसरा भ्रम स्वतःविषयीचा. ‘माझ्यावाचून याचे काय होईल’ असे म्हणणारा स्वतःस उद्धारकर्ता समजू लागतो. जीवाचा उद्धार करण्याचे सामर्थ्य परमेश्वराचे आहे. देवतांच्या ठिकाणीही ते नाही, असे आपण ठासून सांगतो आणि म्हणून देवताभक्ती वर्ज्य मानतो. मग जे देवतांना शक्य नाही ते एका थकलेल्या स्त्रीस, एका म्हाताऱ्या बापास किंवा एका महंतास शक्य आहे, असे आपण कसे धरून चालतो? देवतेच्या पुढे हात न जोडणारा वासनिक घरातील एका मनुष्याच्या मर्जीपुढे जन्मभर हात जोडून उभा राहतो, आणि त्यात काही विसंगती आहे असे त्यास वाटत नाही.

दोन्ही भ्रम एकमेकांस पोसतात. मी जितका मुक्तिदाता होईन तितका समोरचा कायमचा बद्ध होईल. आणि तो जितका कायमचा बद्ध दिसेल तितके माझे मुक्तिदातेपण मला आवश्यक वाटेल. खरे पाहता दोघेही बद्धमुक्तच आहेत. ज्या क्षणी दोघांपैकी एकास हे कळते, त्या क्षणी गाठ सैल होऊ लागते. कारण गाठीस दोन टोके लागतात.

पूर्वपक्ष आणि समाधान

येथे पहिला पूर्वपक्ष असा येईल की, याप्रमाणे प्रत्येकाने आपापले पाहावे असे ठरले तर दया, करुणा यांस स्थान काय? अहिंसा शिकविणाऱ्या मार्गात दुसऱ्यास त्याच्या दुःखात सोडून द्यावे काय?

याचे समाधान असे. दुःखात सोडणे वेगळे आणि कर्माची जाणीव होऊ देणे वेगळे. तापाने फणफणलेल्यास पाणी देणे ही दया. त्याने पथ्य मोडले हे वैद्यापासून लपविणे ही दया नव्हे. सेवेची कसोटी अशी लावावी: मी जे करतो त्याने समोरचा स्वतःच्या पायांवर उभा राहण्यास जवळ येतो की दूर जातो? तो उभा राहिला तर मी आनंदाने बाजूस होऊ शकेन काय? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्या सेवेस अनुकूल आहेत त्याने सुखाने सेवा करावी. दोन वर्षांच्या बालकास भरवावे लागते, अंथरुणास खिळलेल्या वृद्धास उचलावे लागते. तेथे अवलंबन हा वयाचा व देहाचा धर्म आहे, त्यात दोष नाही. दोष आहे तो, ज्यास स्वतः घास घेता येतो त्यास भरवीत राहण्यात.

दुसरा पूर्वपक्ष गृहिणीधर्माचा. पत्नीने पतीचे सहन करावे, अशी लोकरीत आहे. तीस धक्का लावणारे आपण कोण?

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी स्त्रियांस मोक्षाचा अधिकार पुरुषाइतकाच दिला आणि अनुसरणाचे द्वार उघडले, हे आपण अभिमानाने सांगतो. महदाइसेसारखी प्रश्न विचारणारी, शंका काढणारी स्त्री आपल्या ग्रंथांत मानाने उभी आहे. ज्या मार्गात स्त्रीचा जीव स्वतंत्रपणे ईश्वराकडे जाऊ शकतो, त्या मार्गाने तिचे सारे साधन एका पुरुषाच्या शुद्धीवर वा बेशुद्धीवर टांगून ठेवणे शोभत नाही. शिवाय जेथे मारहाण आहे तेथे सहन करणे म्हणजे हिंसा चालू राहण्यास साहाय्य करणे होय; मारणाऱ्याच्या जीवाचीही त्यात हानीच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणासाठी २००५ साली या देशात स्वतंत्र कायदा झाला. अशा स्त्रीस सुरक्षित ठिकाणी जाण्यास सांगणे आणि तेथवर सोबत मिळवून देणे, हेच उपदेशकाचे त्या वेळचे कर्तव्य होय. सहनशीलतेचे प्रवचन तेथे करू नये.

तिसरा पूर्वपक्ष सर्वांत गंभीर आहे. आपला मार्ग अनन्यगतीचा. ईश्वरावाचून आपणास दुसरे कोणी नाही, असे भक्ताने म्हणावे हीच शिकवण. मग परावलंबन दोष कसा? भक्तीही एक अवलंबनच नव्हे काय?

भक्ती अवलंबन आहे, यात शंका नाही. परंतु तेथील आधार कसा आहे ते पाहावे. परमेश्वर पूर्णकाम आहे. त्यास जीवाकडून काही हवे नाही. आपण त्यास शरण जातो तेव्हा त्याची कोणतीही भूक भागत नाही. म्हणून तो आपणास बांधून ठेवीत नाही. गुंत्यात मात्र दोन्ही बाजूंस भूक असते. एकास आधार हवा असतो, दुसऱ्यास आधार होणे हवे असते. आणि भुकेल्याने भुकेल्यास धरले की कोणीच कोणास सोडू शकत नाही. परतंत्राने स्वतंत्राचा आश्रय करावा, हे योग्य. एका परतंत्राने दुसऱ्या परतंत्रास आपले सर्वस्व करावे, हे पोहता न येणाऱ्याने बुडणाऱ्याच्या गळ्यास मिठी मारण्यासारखे आहे.

इ.स. १२७४ मध्ये स्वामींनी उत्तरापंथे गमन केले तेव्हा आचार्य श्रीनागदेवांस तो वियोग किती दुःसह झाला, हे वाचकांस सांगावयास नको. स्वामींच्या प्रयाणाची कारणमीमांसा करण्याचा येथे अधिकार नाही. परंतु पुढे काय घडले ते पाहावे. ते दुःख रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत आले, स्मरणात आले. म्हाइंभटांनी ठिकठिकाणी विचारून लीळा गोळा केल्या आणि इ.स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. ज्यांचा आधार दिसेनासा झाला ते मोडून पडले नाहीत. त्यांच्यातूनच मार्गाची घडी बसली. आधार योग्य ठिकाणी असला म्हणजे त्याच्या वियोगातही मनुष्य उभा राहतो. आधार अयोग्य ठिकाणी असला म्हणजे तो समोर असतानाही मनुष्य पडलेलाच असतो.

आश्रमातील गुंता

हे सर्व वासनिकांच्या घरचे, आपण भिक्षू यातून मोकळे आहोत, असे कोणी समजू नये. स्वदेश, स्वग्राम आणि विशेषेकरून आप्तजन यांच्या संबंधाचा त्याग आपणास सांगितला आहे. आपण घर सोडतो. पण घर करण्याची सवय बरोबर घेऊन येतो.

मी तरुण असताना एका वृद्ध महंतांच्या सेवेत होतो. त्यांचे पाणी मी भरीत असे, आसन मी घालीत असे, औषधाची वेळ मलाच ठाऊक असे. दुसऱ्या कोणी पात्रास हात लावला तर मला खपत नसे. त्यास नीट जमणार नाही, असे मी म्हणत असे. गुरुवर्यांनी हे पाहिले असावे. एक दिवस त्यांनी मला चार महिने आटनास जाण्याची आज्ञा केली. मी पुष्कळ विनविले. ‘माझ्या मागे आपली व्यवस्था कोण पाहील?’ असेही म्हणालो. त्या बाईंनी मला पुढे जो प्रश्न विचारला तोच मी माझ्या गुरूंस विचारला होता. केवळ बोली वेगळी. ते हसले आणि काही बोलले नाहीत.

चार महिन्यांनी परतलो. एक नवखा भिक्षू त्यांची सेवा करीत होता. पाणी जागच्या जागी होते. गुरुवर्यांची प्रकृती पूर्वीहून बरी दिसत होती. आणि ते पाहून मला वाईट वाटले. ज्यांच्या स्वास्थ्यासाठी मी रात्री जागलो होतो ते स्वस्थ दिसताच मला वाईट वाटले; ही गोष्ट आज तीस वर्षांनी लिहितानाही हात क्षणभर थांबतो. मी गुरूंची सेवा करीत नव्हतो, गुरूंस लागणाऱ्या माझी सेवा करीत होतो. त्या चार महिन्यांत त्यांनी मला जे शिकविले ते आधीच्या चार वर्षांत शिकविले नव्हते.

आटन आणि विजन यांचे एक प्रयोजन तेव्हा मला कळले. एके ठिकाणी जडून राहू नये, एकान्तात स्वतःबरोबर राहता यावे, यात वैराग्याचा अभ्यास आहेच; त्याबरोबर इतरांस आपल्यावाचून राहू देण्याचाही अभ्यास आहे. भिक्षेचेही तसेच. भिक्षू परावलंबी नाही असे कोण म्हणेल? तो सकाळच्या घासासाठी दुसऱ्याच्या दारी उभा असतो. परंतु तो एक घर धरीत नाही. आज या दारी, उद्या त्या दारी. दिले तर घेतो, न दिले तर पुढे जातो, आणि न देणाऱ्याविषयी विकल्प धरीत नाही. सारा गाव त्याचा दाता असल्यामुळे कोणीही त्याचा धनी होत नाही. अवलंबन हा देहधाऱ्याचा धर्मच आहे. ते एकाच खुंटीस बांधले की बंधन होते, अनेक दारी वाटले की भिक्षा होते. गृहस्थानेही यातून बोध घ्यावा. ज्या स्त्रीस बहीण आहे, शेजारीण आहे, सत्संग आहे, स्वतःचे चार पैशांचे काम आहे, ती पतीवर प्रेम करू शकते. जिला पतीवाचून काहीच नाही, ती केवळ भिऊ शकते.

महंतांनी व उपदेशकांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. जो वासनिक बैल घेण्यापासून सोयरीक जमविण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट आपणास विचारल्यावाचून करीत नाही, त्यास आपण एकनिष्ठ म्हणतो. कदाचित आपणच त्याचे पाय काढून घेतले असतील. जो शिष्य काही वर्षांनी आपल्यावाचून शास्त्र लावू शकत नाही, त्याच्या गुरूने शिकविले काय?

आचार

आता करावे काय, ते थोडक्यात सांगतो.

ज्या घरी व्यसन आहे त्या घरच्यांनी प्रथम लपविणे थांबवावे. चारचौघांत बोभाटा करावा असा याचा अर्थ नाही. विश्वासाच्या एका तरी मनुष्यास खरे सांगावे आणि पिणाऱ्याच्या वतीने असत्य बोलू नये. त्याची उधारी त्यानेच फेडावी. तो शुद्धीवर असताना, न रागावता, न रडता, एकदाच स्पष्ट सांगावे की, यापुढे मी हे करीन आणि हे करणार नाही. आणि सांगितले तेवढे पाळावे. न पाळता येणारी धमकी देऊ नये. ती दिल्याने बोलणाऱ्याचाच शब्द हलका होतो.

शपथ घालून दारू एकाएकी तोडण्याचा हट्ट धरू नये. पुष्कळ वर्षे रोज अतिशय पिणाऱ्याने ती अचानक बंद केली तर झटके येणे, भ्रम होणे, प्रसंगी प्राणावर बेतणे, असे घडू शकते. स्थानवंदनास नेणे, उपदेश देवविणे हे अवश्य करावे; पण आधी वैद्यकीय साहाय्य घ्यावे. औषध घेणे म्हणजे श्रद्धेत न्यून येणे नव्हे.

मुलांस त्यांचे बालपण परत द्यावे. बापास आणावयास मुलाने जाऊ नये. ‘घरातले हे बाहेर बोलू नकोस’ असे त्यांना सांगू नये. ‘यात तुझा दोष नाही’ असे सांगावे.

आणि स्वतःविषयी: दिवसातून एक वेळ अशी ठेवावी की जिच्यावर कोणाच्याही स्थितीचा अधिकार चालणार नाही. ती वेळ स्मरणाची असावी. त्या वेळी मनाने दाराकडे धाव घेतली तर त्यास शिक्षा न करता परत आणावे. ज्यास स्वतःबरोबर अर्धी घटका बसता येते, त्यासच दुसऱ्याबरोबर मोकळेपणाने बसता येते. आपणही एक जीव आहोत, आपल्याही उद्धाराची वाट ईश्वर पाहत आहे, हे विसरणे म्हणजे नम्रता नव्हे.

यातून समोरचा सुटेलच, असे वचन कोणी देऊ नये. मी एकदा तसे वचन दिले आणि ते देण्याचा मला अधिकार नव्हता.

मुलीच्या त्या प्रश्नानंतर मी त्या गृहस्थांकडे गेलो. त्यांच्याजवळ बसून जे बोलावयाचे ते प्रथमच त्यांच्याशी बोललो. ते रडले; पुढे उपचारासही गेले, काही काळ सुटले, पुन्हा घसरले, पुन्हा गेले. त्यांची वाट त्यांची आहे. बाईंनी उधारी फेडणे बंद केले, शाळेत खोटे निरोप पाठविणे बंद केले. पहिले काही महिने फार कठीण गेले; गावात बोल लागले, आणि आपण पतीस टाकले की काय, असे त्यांना स्वतःलाही वाटे. त्यांनी टाकले नव्हते. त्या त्याच घरी राहतात, दोन वेळचे जेवण वाढतात, आजारपणात उशाशी बसतात. ओढून धरणे तेवढे सोडले.

मागील वर्षी त्या भेटीस आल्या होत्या. दंडवत करून बसल्या आणि थोड्या वेळाने, जणू काही विशेष नाही अशा स्वरात म्हणाल्या, “बाबा, परवा संध्याकाळी स्मरनाले बसली होती. हे कवा घरात आले, मले समजलंच नाही.”

यजमान त्या दिवशी पिऊन आले होते की न पिता, हे त्यांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.